पाचाच्या जागी चार

परीक्षा संपल्याचे इमारतीला आवाजावरून कळते. महिनाभर हळू लावले जाणारे दरवाजे पुन्हा आपटू लागतात. जिन्यात चपलांची फटफट वाढते. दुपारी अडीच वाजता कोणीतरी तिसऱ्या मजल्यावरून खाली हाका मारते आणि त्याला गप्प करायला कोणी गॅलरीत येत नाही. डोंबिवलीत हे दरवर्षी घडते. यंदा आमच्या घरात त्यात एका आवाजाची भर पडली. ताईची मुलगी गार्गी इंजिनियरिंगचा शेवटचा पेपर देऊन चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. जेवण झाल्यावर ती लॅपटॉप उघडून बसली. मी आत भांडी पुसत होते. बाहेरून एक छोटी धून ऐकू आली. सात स्वर, पायरी पायरीने वर चढणारे, आणि शेवटी एकदम खाली येणारे.

धून ओळखीची होती आणि चुकीची होती. ती फार पळत होती. शिवाय आवाज टोकदार, स्वच्छ होता. मला माहीत असलेली धून थोडी घोगरी होती, नाकात बोलल्यासारखी, आणि प्रत्येक स्वरावर किंचित रेंगाळणारी.

“हा गेम कुठे मिळाला तुला?”

“इंटरनेटवर. जुने गेम असतात ना, लोक जपून ठेवतात. आई नेहमी सांगते ना तो गाठोडंवालीचा गेम, तोच आहे बघ. शोधायला तीन महिने लागले.”

पडद्यावर शेताच्या बांधावर एक ठेंगणी आकृती उभी होती. पाठीवर लाल गाठोडे. ती उभ्या उभ्या श्वास घेत होती, म्हणजे खांदे वर-खाली होत होते. तीस वर्षांत तिच्यात काही फरक पडला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या इमारतीत चार व्हिडिओ गेम होते. यंत्रालाच ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. राखाडी प्लास्टिकचा डबा, त्याला वायरने जोडलेले दोन रिमोट, वरच्या बाजूला कॅसेट खोचायची फट आणि भिंतीत लावायचा, विटेसारखा जड ॲडॉप्टर. चारही यंत्रे नकला होती. मूळ यंत्र कोणीच पाहिलेले नव्हते, त्यामुळे नकलेला नक्कल म्हणायचे कारण पडले नाही. आमचे यंत्र बाबांनी बोनसमधून आणले होते. आणले माझ्यासाठी, सातवीत असताना. खेळली मात्र ताई. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. कॉलेजातून आली की ती आधी हातपाय धुवायची, ओढणी खुर्चीच्या पाठीवर टाकायची आणि फरशीवर मांडी घालून टीव्हीसमोर बसायची. तिची पाठ ताठ असे. रिमोटवर बोटे चालताना तिचे खांदेसुद्धा हलत नसत.

कोणती कॅसेट कोणत्या यंत्रावर चालेल, याला नियम नव्हता. कॅसेट इमारतीत फिरत. एका घरात नीट चालणारी कॅसेट वरच्या मजल्यावर मुकी होई. एकीत रंग उलटे दिसत, म्हणजे आकाश तपकिरी आणि जमीन निळी. एक कॅसेट फक्त तळमजल्यावरच्या यंत्रात बसे, बाकीच्यांत तिचे प्लास्टिक अडे. मुलांनी यावर उपाय शोधले होते. कॅसेटच्या तोंडात फुंकर मारायची. पूर्ण न दाबता केसभर वर ठेवायची. ॲडॉप्टर तापला की फरशीवर पालथा घालून दहा मिनिटे थांबायचे. या उपायांतले कोणते खरेच उपयोगी होते, हे सांगता येणार नाही. ताईने मात्र एक काम केले होते. दोनशे पानी वहीच्या मागच्या बाजूला तिने तक्ता आखला होता. उभ्या रकान्यात कॅसेट, आडव्या रकान्यात घरे. चौकटीत शेरा. ‘चालते.’ ‘आवाज नाही.’ ‘चालते, पण खालची ओळ थरथरते.’ तिच्या अक्षरात शेऱ्यांना एक अधिकार आला होता. मुले भांडण झाले की वही बघायला वर येत.

गाठोडंवालीची कॅसेट बाबांनी कल्याणला स्टेशनजवळच्या गल्लीतून आणली होती. वापरलेली. वरचे चित्र निम्मे फाटलेले, नाव कोणाला वाचता येणार नाही अशा लिपीत. आमच्या यंत्राच्या रकान्यात तिच्यापुढे ताईने लिहिले होते: ‘चालते. पुलापर्यंत.’

पूल सातव्या टप्प्यात होता. शेते, विहिरी, एक डोंगर, एक गुहा, एवढे पार करून गाठोडंवाली नदीपाशी येई. तिथपर्यंत पोचायला ताईला चाळीस मिनिटे लागत. मधे थांबून खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. नदीवर लाकडी पूल होता. ती दुसऱ्या फळीवर पाय ठेवी आणि चित्र मधोमध फाटे. वरचे आकाश डावीकडे सरके, खालचे पाणी जागच्या जागी थरथरे, आणि टीव्हीतून एक लांब, सपाट सूर निघत राही. मग यंत्र बंद करण्याखेरीज काही करता येत नसे. ताईने हे किमान पन्नास वेळा पाहिले असेल. इमारतीतल्या बाकी तीन यंत्रांवर तिने कॅसेट नेऊन बघितली. कळव्याला राहणाऱ्या मैत्रिणीकडे नेली. सगळीकडे तीच दुसरी फळी.

पुढे नोकरीत असताना एका दुरुस्ती करणाऱ्याला मी याचे कारण विचारले. त्याने दोन मिनिटांत सांगितले. त्या जागी चित्राचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने सरकवायचे असतात. कुठून वेग बदलायचा याचा इशारा कॅसेटमधली चिप यंत्राला देते. स्वस्त नकलांना तो इशारा नीट कळत नसे. एवढेच. तेव्हा आम्हाला वाटायचे की काहीतरी आमचेच चुकते आहे.

त्या वर्षी ताईची शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलच्या मध्याला संपली. लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरले होते. मधले सहा आठवडे घरात उन्हाळ्याची आणि लग्नाची कामे एकात एक मिसळली होती. गॅलरीत सांडगी मिरच्या, पलंगावर पत्रिकांचे गठ्ठे, हळदकुंकू लावायच्या आधीच्या. घरभर मोहरीचा आणि कोऱ्या साड्यांचा वास. या सगळ्याच्या मधे, दुपारी तीन ते चार, ताई पुलापर्यंत जाऊन यायची.

स्थळ नौपाड्यातले. मुलगा एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये नोकरीला. मिलिंद नाव. घरच्यांना सगळे पसंत होते. ताईने होकार दिला होता आणि होकार दिल्यापासून तिला झोप लागत नव्हती. हे तिने आईला सांगितले नाही. मला सांगितले, कारण आम्ही एका गादीवर झोपायचो.

“मीनू, तो माणूस बोलतच नाही गं. दोनदा भेटलो. बघायला आले तेव्हा आणि साखरपुड्याला. दोन्ही मिळून अकरा शब्द बोललाय. मी मोजलेत.”

“कोणते?”

“‘नाही’ चार वेळा. ‘हो’ तीन वेळा. ‘पाणी चालेल.’ आणि ‘बरं आहे.’”

“झाले अकरा,” मी म्हटले. ती हसली नाही.

साखरपुड्याला मिलिंदभाऊजींच्या आई आमच्या टीव्हीखालचे यंत्र बघून म्हणाल्या होत्या, “हे आमच्याकडेही आहे हो. मिलिंदचा चुलत भाऊ जहाजावर असतो, त्याने बाहेरून आणून दिलं. पण आपल्या टीव्हीवर त्याला रंगच येत नाहीत. मेलं पडलंय माळ्यावर.” त्या पुढे कोकमाच्या सरबताबद्दल बोलू लागल्या. ताईच्या हातातला ट्रे किंचित कलला. ते फक्त मला दिसले. बाहेरून आणलेले यंत्र. इमारतीच्या तक्त्यात नसलेले.

दुसऱ्या दिवशी तिने आईजवळ विषय काढून बघितला. आई पोळ्या लाटत होती.

“डोकं ठिकाणावर आहे का अंजू? साखरपुडा झालाय, लग्न नाही. त्या घरात आता पाऊल टाकायचं ते माप ओलांडून. व्हिडिओ गेम खेळायला गेली म्हणून सांगू का लोकांना?”

“लग्नानंतर तिथे जाऊन पहिल्या दिवशी मी काय म्हणू? जरा तो व्हिडिओ गेम काढा?”

“काहीच म्हणू नकोस. लग्नानंतर कोण खेळतं?”

आईने हे रागाने म्हटले नव्हते. तिच्या दृष्टीने ती एक माहिती होती. ताईनेही ती माहितीसारखीच घेतली. बावीस वर्षांच्या मुलीला जूननंतर कोणी फरशीवर मांडी घालून बसू देणार नाही, हे तिला पटलेले होते. म्हणून पूल जूनच्या आधी ओलांडायला हवा होता. तिला स्वतःला जाता येणार नव्हते. जाऊ शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला तिसऱ्या टप्प्याच्या पुढे कधी जाता आले नव्हते.

पुढचे पंधरा दिवस ताईने मला शिकवले. वहीची पुढची पाने तिने यासाठी कोरी ठेवल्यासारखी वापरली. प्रत्येक टप्पा, प्रत्येक उडी. ‘पहिली विहीर. काठावर थांबणे. फळी पाण्यात गेली की मनात पाच मोजून उडी.’ ‘गुहेत वटवाघूळ दिसताच खाली बसणे. दहा मोजणे. उठणे.’ खेळातल्या सगळ्या गोष्टी ठरलेल्या वेळाने येत-जात. फळ्या, वटवाघळे, घरंगळणारे दगड. मोजणे अचूक असेल तर बघायचीसुद्धा गरज नाही, असे ताईचे म्हणणे. ती माझ्यामागे उभी राहून टाळीने ताल धरायची. “घाई नको. एक. दोन. घाई नको म्हटलं ना!” मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा पुलावर पोचले. चित्र फाटले, सूर लागला. ताईने मागून माझ्या डोक्यावर टपली मारली आणि स्वयंपाकघरात जाऊन दोघींसाठी पन्हे करून आणले.

जायला निमित्त लागत होते. ते डब्याने दिले. साखरपुड्याला नौपाड्याहून चिरोटे आले होते. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. आईने त्यात साखरांबा भरला, झाकणाला फडके बांधले. शेजारचे सावंतकाका नौपाड्याजवळच, खोपटला एसटीच्या डेपोत कामाला होते आणि त्या रविवारी त्यांची ड्युटी होती. ते मला जाताना सोडणार आणि चार वाजता न्यायला येणार असे ठरले. पिशवीत खाली वही, तिच्यावर रुमालात गुंडाळलेली कॅसेट, सगळ्यात वर डबा. निघताना ताई जिन्यापर्यंत आली.

“पुलाच्या पलीकडे काय आहे ते बघ आणि येऊन सांग. जसं दिसेल तसं. मनाचं काही घालायचं नाही.”

“आणि ते कसे आहेत ते बघू?”

“फक्त पूल,” ताई म्हणाली. जिन्याच्या वळणावरून मी मागे पाहिले. ती कठड्याला धरून उभी होती.

नौपाड्यातले घर दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला. खाली दवाखान्याची पाटी, समोर चपलांचे दुकान. दार भाऊजींच्या आईंनी उघडले.

“अगोबाई, करवली आधीच आली? वऱ्हाड मागून येतंय की काय?”

जेवायला आमरस होता. जेवताना भाऊजींनी मला एक प्रश्न विचारला, “कितवीत?” आणि उत्तर ऐकून मान हलवली. मी कॅसेट बाहेर काढली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, खुर्ची आणली, माळ्यावर चढले आणि धूळ पुसत यंत्र खाली आणले. का, कशाला, हे विचारले नाही. मीच सांगून टाकले. पूल, दुसरी फळी, चार यंत्रे, कळवा, सगळे. ते ऐकत होते की नाही ते कळेना, कारण ते टीव्हीच्या मागे वाकलेले होते. चित्र खालून वर पळत होते. मागचे एक बटण त्यांनी केसभर फिरवले आणि चित्र थांबले.

रंग नव्हते. शेत राखाडी, आकाश राखाडी, गाठोडे त्याहून गडद राखाडी. धुनेच्या जागी नुसती खरखर येत होती, म्हणून त्यांनी आवाज पूर्ण बंद केला. खोलीत पंख्याचा आणि खालच्या रिक्षांचा आवाज राहिला. मी वही उघडून गुडघ्याजवळ ठेवली. पहिली विहीर. फळी पाण्यात गेली. पाच मोजले. उडी मारली आणि सरळ विहिरीत पडले.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ज्या विहिरीवरून मी आमच्या घरी डोळे मिटून गेले असते, तिथे तीनही संधी संपल्या. दुसऱ्या डावात एक विहीर नशिबाने पार झाली आणि पुढच्या दगडाने चिरडले. तीन वाजून गेले होते. डोळ्यांत पाणी आले आणि ते दिसू नये म्हणून मी वहीवर वाकले.

“अरे, पोरगी पहिल्यांदा घरी आलीये, आणि तू तिला त्या डब्यासमोर बसवून रडवतोस?” आतून त्यांच्या आई म्हणाल्या.

“रडत नाहीये ती. मोजतेय,” भाऊजी म्हणाले.

ते माझ्यामागे फरशीवर बसले. हातातले घड्याळ काढून समोर ठेवले. “आता खेळू नकोस. नुसती विहिरीपाशी उभी राहा आणि घरी मोजतेस तसंच मोठ्याने मोज.” मी मोजले. ते एकदा घड्याळाकडे, एकदा फळीकडे बघत होते. तीनदा मोजायला लावले. मग म्हणाले, “तुझं मोजणं बरोबर आहे. वहीपण बरोबर आहे. पण ती तुमच्या मशीनची वही आहे. आमचं मशीन जास्त पळतं. परदेशातल्या टीव्हीसाठी केलेलं असणार, तिथल्या हिशोबाने. इथे पाचाच्या जागी चार. दहाच्या जागी आठ.”

एका दमात एवढे बोलल्यावर त्यांनाच जरा अवघडल्यासारखे झाले असावे. त्यांनी माझ्या गुडघ्याजवळची वही उचलली.

“तू बघू नकोस वहीत. तू समोर बघ. मी मोजतो.”

तिसरा डाव असा झाला. माझे हात रिमोटवर आणि त्यांचा आवाज मागे. “थांब. एक, दोन, तीन, चार.” उडी. “बस खाली. एक, दोन…” त्यांचा आवाज सपाट होता, घाई नसलेला, आकडे वाचणाऱ्या माणसाचा. ताईच्या टाळीपेक्षा वेगळा, पण त्यावर पाय ठेवता येत होता. गुहा गेली. डोंगर गेला. त्यांच्या आई चहाचे कप घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कप हातातच धरून बघत राहिल्या. पावणेचारच्या सुमारास नदी आली.

पहिली फळी. दुसरी फळी. मी डोळे किलकिले केले होते. चित्र फाटले नाही. वर ढग हळू सरकत होते, खाली पाणी भरभर, आणि मधे पूल स्थिर होता. तो तसाच असायला हवा होता, हे बघताक्षणी कळले. तिसरी. चौथी. फळ्या एकूण नऊ. नवव्या फळीवरून गाठोडंवालीने पलीकडच्या मातीवर पाय ठेवला आणि पडदा काळा झाला. मधोमध पांढरा ठिपका राहिला, तोही विझला.

भाऊजींचा हात टीव्हीच्या बटणावर होता.

“अहो!” मी जवळजवळ ओरडले.

“पूल पार होतो, एवढं कळलं ना,” ते म्हणाले. “पुढचं तिला बघू दे.” मग वायर गुंडाळता गुंडाळता, “मलाही बघायचंय. पण ती आल्यावर.”

त्यांच्या आईंनी चहा ठेवला. मी चहा पीत असताना ते खिडकीपाशी वही घेऊन बसले होते. कानामागे पेन्सिल होती, ती कधी हातात आली ते मी पाहिले नाही. सावंतकाकांची हाक आली तेव्हा त्यांनी वही आणि कॅसेट दोन्ही माझ्या पिशवीत ठेवल्या. “कॅसेट तिची आहे. तीच आणेल.” डबा त्यांच्या आईंनी पुन्हा भरून दिला. त्यामुळे तो परत करायचे काम आमच्याकडे पुन्हा शिल्लक राहिले.

ताई गॅलरीत मिरच्या गोळा करत होती.

“पूल पार होतो,” मी सांगितले.

तिने सूप खाली ठेवले. “आणि पुढे?”

“पुढचं बघितलं नाही. मशीन बंद केलं.”

“कोणी?”

“भाऊजींनी. म्हणाले, पुढचं तिला बघू दे. म्हणाले, मलाही बघायचंय, पण ती आल्यावर.”

मी रंग नसल्याचे सांगितले, आवाज नसल्याचे सांगितले, पाच आणि चारचे सांगितले. मनाचे काही घातले नाही. तिने हात ओढणीला पुसले आणि वही उघडली. ती उभ्या उभ्याच पाने उलटत गेली, आधी भराभर, मग एकेक. प्रत्येक पानावर तिच्या निळ्या शाईतल्या आकड्याशेजारी पेन्सिलने एक बारीक आकडा होता. पाचाशेजारी चार. दहाशेजारी आठ. पहिल्या विहिरीपासून पुलापर्यंत, एकही न सोडता.

“खोडलं नाहीये,” ताई म्हणाली.

“काय?”

“माझे आकडे. एकही खोडलेला नाही. शेजारी लिहिलंय.”

तिने वही मिटली, पुन्हा उघडली, तेच पान पुन्हा बघितले. सूर्य समोरच्या इमारतीच्या टाकीमागे गेला होता. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी व्हिडिओ गेम लागला होता आणि त्याची घोगरी धून वर येत होती.

“किती शब्द बोलले?” तिने विचारले.

“मोजले नाहीत,” मी म्हटले. त्या रात्री ती माझ्याआधी झोपली.

लग्नात नोंद घेण्यासारखे काही विशेष झाले नाही. मंगलाष्टकांच्या वेळी वीज गेली आणि नंतर आली. पाठवणीच्या सामानात कॅसेट आणि वही होती. आईने ती पाहिली, कपाळाला हात लावला आणि दोन साड्यांच्या मधे नीट ठेवली.

आषाढात नवी नवरी म्हणून ताई माहेरी आली. बॅग उघडून तिने आधी वही काढली आणि माझ्याकडे दिली. “तुझ्याकडे असू दे. तुला नोंदी ठेवायची आवड आहे.” पुलाच्या पानानंतर आता आणखी सहा पाने भरलेली होती. त्यांत शाई आणि पेन्सिल एकाआड एक ओळीने येत होती. या ओळींतले आकडे एकेरीच होते, शेजारी दुसरे लिहायची गरज पडली नव्हती. उड्या, दगड, एक होडी. शेवटच्या पानावर लिहिले होते: ‘शेवट. टेकडीवर घर. गाठोडे दारात ठेवते. दिवा लागतो.’ आणि त्याखाली, ‘छप्पर लाल. (अं.)’ आणि त्याखाली पेन्सिलने, ‘हिरवे असावे. (मि.)’

“राखाडी दिसतं ना सगळं,” ताई म्हणाली. “मी म्हणते लाल. घराचं छप्पर लालच असतं. ते म्हणतात, राखाडीची छटा बघता हिरवं. काय छटा! दोन दिवस वाद घातला.”

“वाद? ते?”

“तू बघायला हवं होतंस,” ती म्हणाली आणि हसायला लागली.

आमच्या यंत्रावर पूल कधीच पार झाला नाही. नौपाड्याचे यंत्र चार-पाच वर्षांनी बंद पडले. कॅसेट घर बदलताना हरवली. वही माझ्या कपाटात राहिली. ती मी यंदा गार्गीला काढून दिली, कारण ती पहिल्याच विहिरीत सहा वेळा पडली होती. तिने निळे आकडे धरून तीनदा प्रयत्न केला.

“मावशी, वहीत गडबड आहे. पाच मोजलं की पडते.” मग ती पानावर वाकली. “हे बाजूला बारीक काय लिहिलंय?”

“ते तुझ्या बाबांनी लिहिलंय. तुझ्या लॅपटॉपला तेच लागू पडेल.”

लागू पडले. दुपारभर घरात ती पळणारी, टोकदार धून वाजत राहिली. संध्याकाळी ताई आणि भाऊजी तिला न्यायला आले तेव्हा गार्गी पूल ओलांडून होडीपर्यंत आली होती आणि तिथे अडली होती. भाऊजी आता निवृत्त आहेत. अजूनही कमी बोलतात. त्यांनी खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडले. गार्गी दोनदा बुडाली.

“थांब,” वर्तमानपत्रामागून आवाज आला. “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.”

“उडी!” स्वयंपाकघराच्या दारातून ताई म्हणाली.

गाठोडंवाली पलीकडे गेली. गार्गीने वळून दोघांकडे पाहिले. नजर वहीत नव्हती, दोघांचीही. पुढची उडीही तशीच झाली, आणि त्याच्या पुढची. टेकडी दिसू लागली तसे भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले. ताई हात पुसत पुढे आली. रंगीत शेवट त्या दोघांनी कधी पाहिलेला नव्हता. मी तर शेवटच पाहिलेला नव्हता. घर आले. गाठोडे दारात ठेवले गेले. खिडकीत पिवळा दिवा लागला.

“निळं!” गार्गी म्हणाली. “छप्पर निळं आहे की!”

दोघे पडद्यावर वाकले होते. ताईचा हात भाऊजींच्या खांद्यावर होता.

“निळं,” ताई म्हणाली. “दोघंही चुकलो.”

“निळं कुठे? हिरवट आहे,” भाऊजी म्हणाले.

“चष्मा पुसा अहो.”

“पुसलाय. हिरवट आहे.”

ते बराच वेळ चालले. मी पेन घेतले, वहीच्या शेवटच्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले: ‘छप्पर निळे. मतभेद कायम.’ वरच्या दोन्ही ओळी तशाच ठेवल्या. खोडले काही नाही.